मले सायकल आली

वर्धा, रविवार

जागृतीचे बाबा, सप्रेम जय भीम.

फोनवर तुमाले नीट ऐकू येत नाई, म्हणून लिहून राह्यली. पोरीपाशी माह्यं बरं चाललं आहे.

या वयात मी सायकल शिकली. इथले रस्ते रुंद, सपाट. जागृती ड्युटीवर जायच्या आधी मागून धरते. काल वळून पाह्यलं, तर ती दूर गेटजवळ उभी.

म्हटलं, "काऊन सोडलं व पोरी?"

"आई, परवापासून मी धरतच नाई."

मले लई हसू आलं. गुडघा जरासाच खरचटला, हळद लावली.

तुमी दोन्ही टाइम जेवता ना? खरं सांगजा.

रोहण्याहून एकदा याच. स्टँडवर घ्यायले मी येईन, मागं कॅरियरवर बसा लागन.

तुमची,
कमल