डॉक्टरांनी विचारलं होतं

मांजरी बुद्रुक, पुणे
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,

अनंताचा दंडवत. दाजींना नमस्कार सांग. गुडघ्याला तेल लावतेस ना? आम्ही आहोत, चाललंय.

मागच्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्केट यार्डात वजनाला गेलो नाही. पूजा केली, पण हात जोडल्यावर काही मागता येईना. मग बसने स्वारगेटला उतरलो, तिथून चालत हॉस्पिटलात गेलो आणि डॉक्टर नीरजाबाईंच्या दाराशी बाकावर बसून राहिलो. भाग्यश्रीची मुलगी तेव्हा चार दिवसांची, काचेच्या पेटीत. दूध ओढत नव्हती, डोळे उघडत नव्हती. पहिल्या मुलाचं झालं, तसंच सगळं.

आता नात बरी आहे. काल दोन किलो नऊशे भरली. जन्मभर पोती तोलली, पण कुठल्या आकड्याची अशी वाट पाहिली नव्हती.

बाईंनी बाळाचं, भाग्यश्रीचं आणि तुझ्या श्यामचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं होतं. आठ दिवसांत कळलं. दुधातला एक भाग तिच्या अंगात पचत नाही, त्याचं विष होतं. वेगळं दूध मिळतं, ते मोजून द्यायचं, जन्मभर सांभाळायचं. दोष नवरा-बायको दोघांत आहे, एकच. दोघांना काही होत नाही, पण दोघांकडून आला तर बाळाला होतो. बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढून दाखवलं. वर आपले आई-वडील, खाली तू आणि मी. तुझ्याकडून श्यामला, माझ्याकडून भाग्यश्रीला. मामाची मुलगी हक्काने मागितलीस आणि मी आनंदाने दिली. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही.

माझं चुकलं ते लिहायला चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो.

दोन वर्षांपूर्वी, पहिल्या मुलाच्या वेळी, तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, नवरा-बायको नात्यातले आहेत का. मी नाही म्हणालो. भाग्यश्री तोंड उघडत होती, तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. तेव्हाच आपण तुझ्या अवधूतचं आणि माझ्या तनयाचं लग्न ठरवायचं बोलत होतो. डॉक्टरांनी काही शंका काढली तर ते मोडेल, ही भीती. मूल सहाव्या दिवशी गेलं. खरं सांगितलं असतं तर वाचलं असतं का, हे बाईंनाही सांगता येत नाही.

तू म्हणालीस, भाग्यश्रीने देवीची ओटी चुकवली म्हणून झालं. मी तिची बाजू घेतली नाही. उलट, ओल्या बाळंतिणीला देवळात नेऊन ओटी भरायला लावली. देवीवर माझा भरवसा तुझ्याइतकाच आहे, अक्का. पण मी तिच्या आड लपलो.

या खेपेला बाईंनी तेच विचारलं. भाग्यश्रीने माझ्याकडे पाहिलंही नाही, खाली बघत बसली. मीही गप्पच राहिलो. दुसऱ्या सकाळी गेलो तो खरं सांगायला.

बुधवारी अवधूतला फोनवर म्हणालो, लग्नाआधी तुझी आणि तनयाची तपासणी करून घेऊ. तो म्हणाला, "मामा, माझ्यात काय खोट दिसली तुम्हाला?" मागून तुझा आवाज आला, "लग्न झाल्यावर करा म्हणावं काय करायचंय ते."

रात्रभर विचार केला. मग तनयाला विचारलं, तुझी इच्छा काय. भांडी घासत होती, हात थांबला नाही. "आबा," म्हणाली, "ताईला विचारलं होतं का?"



काल मंगल कार्यालयात गेलो. अक्षय्य तृतीयेची तारीख सोडली. मॅनेजर म्हणाले, पुढची कुठली धरू? मी म्हणालो, आमच्यासाठी कुठलीच नको, ही दुसऱ्या कुणाला द्या.

बोल लावायचा तर मला लाव, भाग्यश्रीला नको.

तुझा धाकटा भाऊ,
अनंत