आत्यांचा पितळी स्टोव्ह

आत्या, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, ते मी कधीच ओलांडलं. आता वयाने बघितलं तर मी तुमची मोठी बहीण लागेन. तरी सासूला लिहायचं म्हणून बसताना डोक्यावरचा पदर नीट केला. दुपारी झोप येत नाही आणि उठून बसायचाही कंटाळा येतो, असे दिवस चालले आहेत. कुणाशी बोलावं तर तेच तेच बोलणं होतं. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं. तुम्हाला हे पुस्तकी बोलणं ऐकून हसू येईल. पण लिहायला बसलं की मला शाळेतलीच मराठी सुचते, त्याला इलाज नाही.

रनाळ्याच्या आपल्या घरात स्टोव्ह आला तो पावसाळा मला लख्ख आठवतो. माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. हे नंदुरबारला कापसाच्या जिनात कारकून होते आणि सकाळच्या गाडीने जायचे. पावसाळ्यात जळणाच्या पऱ्हाट्या सादळलेल्या असायच्या. मी अंधारात उठून चूल फुंकायची, डोळे चुरचुरायचे, आणि भाकरी होईपर्यंत यांची गाडी जायची वेळ यायची. एके दिवशी हे पिशवीतून पितळी स्टोव्ह घेऊन आले. असा चकचकीत, की तुमच्या लेकीने त्यात तोंड बघितलं. मला वाटलं, सुटले. मी हात पुढे केला तर तुम्ही तो उचलून आपल्या मांडीशी घेतलात आणि म्हणालात, "आधी माले येऊ दे. जे माले येस नही, ते वहूले कसं करू देऊ?"

मला वाईट वाटलं. घरात नवं काही आलं की सासूने त्यावर हात ठेवायचा, एवढंच मला त्यात दिसलं. माझी शाळा सातवीपर्यंत झालेली, माहेर नंदुरबारचं, शेजारी स्टोव्ह होता. मला थोडंफार माहीत होतं. पण तुम्ही ऐकणाऱ्यातल्या नव्हतात. रोज संध्याकाळी अंगणात पाट टाकून बसायचात आणि मुलाला मास्तर करायचात. टाकी तोंडापर्यंत भरायची नाही, वर जागा ठेवायची. सांडलेलं घासलेट आधी फडक्याने पुसायचं, ते फडकं लांब टाकायचं, मग काडी ओढायची. वाटीतल्या स्पिरिटने बर्नर चांगला तापू द्यायचा, तोवर हवेची चावी सैल. मग चावी आवळून पंप मारायचा, हळूहळू. जाळ निळा झाला तर बरोबर, पिवळा झाला आणि काजळी धरली तर पिनेने भोक साफ करायचं. तुम्ही मधेच विचारायच्या, "आनि गरम व्हतांना घासलेट सरनं ते?" हे म्हणायचे, "मग चावी सोड, गार होऊ दे, तोवर चूल पेटव." तुम्ही मान हलवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायच्या. हे वैतागायचे. मी दारात उभी राहून मनात म्हणायची, यांना कधी येणार आणि माझी पाळी कधी येणार.

पुढे तुम्हाला आलं, मला परवानगी मिळाली, पण तुमची नजर काही हटली नाही. पुढच्या आखाजीच्या सणाला माहेरी गेले तेव्हा माझ्या भावाने सुरतेहून मला नायलॉनची साडी आणली होती. फिक्की गुलाबी, हातात घेतली तर पाण्यासारखी घसरायची. आपल्या गल्लीत तशी साडी कुणाकडे नव्हती. माहेराहून परतल्यावर शेजारच्या बायका बघायला आल्या, मी ती नेसून चहा ठेवायला स्टोव्हजवळ बसले. आणि तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "हाई लुगडं नेसीसन इस्टूजवळ बठनी? ऊठ! हाई जळत नही, आंगले चिकटस!" बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मी उठले, आत जाऊन साडी सोडली, घडी घालून पेटीच्या तळाशी टाकली. पुढे कितीतरी दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्हीही विचारलं नाही. भाकरी थापताना तुमचा थप थप आवाज यायचा, तेवढाच काय तो घरात आवाज. तुमच्यासारखी भाकरी गल्लीत कुणाची नव्हती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सुद्धा तुमच्या हातून अशी गोल उतरायची की कड फाटायची नाही.

मग तुमच्या लेकीला बघायला प्रकाशा गावाहून पाहुणे आले तो दिवस. घर चांगलं होतं, तापीकाठची शेती, मुलगा शिकलेला. सकाळपासून तुमची लेक रुसून बसली होती, कारण तिला माझी नायलॉनची साडी नेसायची होती आणि तुम्ही सुती लुगडं हातात दिलं होतं. "पाव्हना लुगडं देखाले नही येत," म्हणालात. ती रडत रडत नेसली. पाहुणे ओसरीवर बसले, मुलाची आई आत बायकांत आली, आणि गप्पा मारता मारता तिने विचारलं, "पोरले इस्टू लावता येस का?" तुमच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. अभिमानच होता तो. तुम्ही लेकीला म्हणालात, "जाय, चहा ठेव."

एरवी तुम्ही स्टोव्ह चुलीपासून लांब, मागच्या दाराशी ठेवायला लावायच्या. त्या दिवशी चुलीवर शिऱ्याची कढई, जागा भांड्यांनी भरलेली, म्हणून कुणीतरी तो चुलीकडे सरकवला होता. मी ओसरीच्या दारातून शिऱ्याच्या ताटल्या पुढे देत होते. चहाला उकळी यायच्या आत घासलेट संपलं असणार. पोर घाबरली. बाहेर पाहुणे, आधण अर्धवट तापलेलं, थांबायचं कसं? तिने गरम स्टोव्हचंच झाकण उघडलं आणि डब्यातून घासलेट ओतलं. मला भस्स असा आवाज आला. वळून बघते तर दारातून जाळ दिसतो आहे आणि तुम्ही त्या जाळाच्या मागे. मी धावत आले तोवर सगळं आटोपलं होतं. लेकीचा पेटलेला पदर तुम्ही दोन्ही मुठींत धरून चुरगाळून विझवला होता, नंतर रांजणाजवळचं ओलं गोणपाट स्टोव्हवर टाकलं होतं. पोर कोपऱ्यात उभी, मनगटाला जरासं भाजलेलं, दातखीळ बसल्यासारखी. सुती लुगडं, काळं पडलं आणि विझलं. तुम्ही दोन्ही हात पाण्याच्या घंगाळात बुडवून खाली बसला होतात.

बायका जमल्या. मुलाची आई दारात उभी राहून म्हणाली, "कोन व्हतं इस्टूजवळ?" आपल्या भाऊबंदांतल्या म्हाताऱ्या काकूंनी लगेच सांगितलं, "वहूनीच करं व्हई. शहरनी पोर, तिले काय समजस." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या हातात अजून शिऱ्याची ताटली होती. तुमच्या लेकीचं नाव घेतलं तर तिचं लग्न मोडणार, गप्प बसले तर जन्मभर माझं नाव पडणार. आत्या, त्या वेळी तुम्ही गप्प बसला असतात तरी चाललं असतं. तुम्हाला कुणी बोल लावला नसता. तुम्ही घंगाळातून हात न काढता मान वर केलीत आणि म्हणालात, "तिनं नही. मी टाकं घासलेट. मन्हीच चूक शे. आधी पाव्हनासले चहा द्या."

आणि मी चुलीवर चहा केला. आज नवल वाटतं, पण केला. पाहुणे चहा पिऊन गेले आणि मग यांनी तुम्हाला बैलगाडीत घालून नंदुरबारला डॉक्टरकडे नेलं. प्रकाशाचा निरोप यायला वेळ लागला. तुमचे दोन्ही हात कापसात गुंडाळलेले, मी तुम्हाला घास भरवायची. तुम्हाला ते फार जड जायचं. तुम्ही डोळे मिटून घास घ्यायच्या, बाळासारखं तोंड उघडायच्या. तुमची लेक एकदा तुमच्या पायाशी बसून रडली, म्हणाली, मी सांगते त्यांना खरं. तुम्ही म्हणालात, "सांगीसन मन्हा हात चांगला व्हतीन का?" तेवढंच. मग निरोप आला, पोर पसंत आहे. मुलाची आई म्हणे घरी जाऊन म्हणाली होती, ज्या घरात सासू चूक आपल्या अंगावर घेते तिथली पोर आणायची. म्हणजे तिला सगळं समजलं होतं. हे आपल्याला फार नंतर कळलं.

यांनी स्टोव्ह मोडीत घालायचं ठरवलं. मलाही तेच हवं होतं. तुम्ही नाही म्हणालात. "इस्टूना काय गुन्हा शे? घाई आपली व्हती." आणि एका सकाळी मला अंगणात बोलावलं. पाटावर बसलात, बांधलेले हात मांडीवर उताणे ठेवून, आणि म्हणालात, लाव. माझ्या हातून काडी दोनदा विझली. मला वाटलं आता ओरडणार. तुम्ही म्हणालात, "घाबरस ते घाबर, पन हात थिर ठेव." मग एकेक गोष्ट माझ्याकडून करून घेतली. टाकी किती भरली, डोळ्याने बघ. झाकण नीट बसलं का, बोटाने बघ. पदर खोच. केस बांध. दार उघडं ठेव. काडी विझली का बघून मगच टाक. जाळ निळा झाला तेव्हा तुम्ही तो बराच वेळ बघत राहिलात. पट्ट्या सुटल्या तेव्हा कातडी आखडली होती, बोटं आत वळलेली ती पुन्हा सरळ झालीच नाहीत. भाकरी थापणं संपलं. माझ्या भाकरीची कड फाटायची. तुम्ही न बोलता खायच्या.

लेकीच्या लग्नात यांनी बहिणीला नवा स्टोव्ह दिला. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही मला म्हणालात, चल, प्रकाशाला जायचं. लेकीच्या सासरी आईने असं उठून जाणं तेव्हा कुणी करत नसे. हे नको म्हणाले, तुम्ही ऐकलं नाही. तिथे गेल्यावर बसायला सतरंजी टाकली तर तुम्ही सरळ स्वयंपाकघरात गेलात. विहिणीला शेजारी बसवलं, लेकीला समोर, आणि त्या वाकड्या बोटांनी स्वतः स्टोव्ह लावलात. पंपाचा दांडा दोन्ही मनगटांत धरून. कुणाला हात लावू दिला नाही. सगळं दाखवून झाल्यावर विझवलात, आणि विहिणीकडे बघून म्हणालात, "आते तुमले बी येस, इले बी येस. उद्या काही व्हयनं, ते माहीत नव्हतं आसं कोनी म्हनानं नही." विहीणबाईंनी तुमच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नही म्हनाऊत." बस. दोघींत एवढंच बोलणं झालं. आजूबाजूच्या गावांतून कुठल्या कुठल्या घरच्या सुना जळाल्याच्या बातम्या यायच्या, स्टोव्ह भडकला म्हणून सांगायचे. तुम्हाला ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, पण तोंडावर बोलायचं धाडस मी आजही केलं नसतं.

लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही आपल्याकडची रीत, म्हणून तुम्ही तशाच निघालात. उन्हाचे दिवस. घाटावर आलो तेव्हा तुमचे ओठ सुकले होते. तुम्ही तापीत उतरून ओंजळ भरली, पण बोटं जुळत नव्हती, पाणी तोंडापाशी येईपर्यंत गळून जायचं. मी खाली उतरले आणि माझ्या ओंजळीतून तुम्हाला पाणी पाजलं. एकदा, दोनदा, पोट भरेपर्यंत. वाटलं आता काहीतरी म्हणाल. तुम्ही तोंड मनगटाने पुसलंत आणि म्हणालात, "गाळीसन तरी देवं ना, बाई." मी हसले. तुम्हीही हसलात बहुतेक, तुमची पाठ होती माझ्याकडे.

तुमची लेक आहे अजून. गुडघे धरलेत, फोनवर तेच सांगत असते. नातवंडं, पतवंडं सगळं बघितलं तिने. तुम्ही मात्र त्यानंतर फार वर्षं काढली नाहीत. छातीत कफ झाला आणि एका हिवाळ्यात गेलात. मग घरात गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेला, पुढे कुणीतरी भंगारात दिला. हेही गेले. मी आता मुलाकडे नंदुरबारला असते. गेल्या महिन्यात सुनेने मायक्रोवेव्ह ओव्हन आणला. जाळ नाही, धूर नाही, पेटीत वाटी ठेवायची, बटण दाबायचं, मिनिटात गरम. तिने मला सांगितलं, स्टीलचं भांडं आत ठेवायचं नाही, डब्याचं झाकण घट्ट लावायचं नाही, रिकामा चालू करायचा नाही, अन्न मधे थंड राहतं म्हणून ढवळून पुन्हा ठेवायचं. मी मान हलवली. नीट कळलं नव्हतं, पण पुन्हा विचारायला तुमच्यासारखी चिकाटी नाही.

परवा तिने घाईत स्टीलची वाटीच आत ठेवली. मी समोर खुर्चीवर बसले होते, मला दिसलं. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिची तिलाच आठवण झाली, तिने हसत वाटी बाहेर काढली. काही झालं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा ते इथेच राहील. शेजारच्या बायका सुनेला म्हणतात, नशीबवान आहेस, सासू कधी आवाज चढवत नाही. ती मला येऊन कौतुकाने सांगते. आत्या, तुम्हाला म्हणून सांगते, तो माझा चांगुलपणा नाही. कुणावर तुमच्यासारखं ओरडायला जेवढा जीव लावावा लागतो, तेवढा आता माझ्यात उरला नाही.