पहिल्या लँडिंगची जलेबी

४ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात. फालतू नाही.

हेमलताच्या गुडघ्यांचा शेक जबलपुरातच, नेपियर टाउनच्या दवाखान्यात. ती आत, मी समोर चहाच्या ठेल्यावर. तिथं दोघं रोजचे. धनेश, आपला नागपूरचा, दवाखान्यांना मशिनी विकतो, दर आठवड्याला दिल्ली. श्यामसुंदरजी, रेल्वेतून रिटायर, लेक बंगलोरला. रेल्वेचा फुकट पास आहे, तरी विमानानं जातात. दोघांना दुसरा विषय नाही.

धनेश म्हणे, चाकं टेकली की सगळे बॅगा घेऊन उभे. जशी इटारसी आली अन् दोनच मिनिटं हॉल्ट आहे. श्यामसुंदरजी म्हणे, और वो छोटा पंखेवाला जहाज, लगता है मिक्सर में चटनी पिस रही है, और चटनी हम हैं.

मी सांगितलं, थरथर म्हणजे माउंटिंग ढिलं. वॉशर बदला, काम खतम. श्यामसुंदरजी म्हणे, रामरावजी, आप कितनी बार बैठे हैं. मी म्हटलं, मशीन ती मशीन. सारी नोकरी खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत केली, मला काहून शिकवता. धनेश म्हणे, काका आपले ग्राउंड स्टाफ आहेत.

हसले दोघं. हसू दे.

९ सप्टेंबर
लेकीनं, प्रणोतीनं, हैदराबादची दोन तिकिटं पाठवली. विमानाची. तिची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात. जावई स्वप्निल बरा आहे, पण अशा वेळी घरात मोठं माणूस पाहिजे. म्हणजे मी.

प्रणोती माझ्याशी फोनवर कमी बोलते. बाबा, आईला द्या, एवढंच. ऑफिसचा लोड असतो. तिच्या लग्नात मी नाराज होतो, ते ती कधीच विसरली.

ठरवलं: बाळाचं नाव मी ठेवीन. पोरगी झाली तर जया. माझ्या आईचं. थंडीच्या आत दोघं परत.

१० सप्टेंबर
ठेल्यावर बातमी दिली. इथला रिवाज आहे. पहिल्यांदा विमानातून उतरला त्यानं सगळ्यांना खोव्याची जलेबी खाऊ घालायची. मी म्हटलं, आलो की पोट भरून. श्यामसुंदरजी म्हणे, पहले चढ़ तो जाइए.

मंग सल्ले सुरू. धनेश म्हणे खिडकी घ्या. श्यामसुंदरजी म्हणे, हमारी उमर में खिड़की नहीं, रास्ते वाली सीट, बाथरूम का सोचिए. धनेश म्हणे, पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवा, खिशात काही नको, अन् काका, चेकिंगवाल्यांशी गप्पा मारू नका.

मी कुठं गप्पा मारतो.

१५ सप्टेंबर
हेमलताला ट्रेनिंग दिली. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, बॅगांचे पट्टे कमरेला. म्हटलं घाबरायचं नाही, माझा हात धरायचा. तिचा पट्टा एका झटक्यात लागला. माझा अडकला. आजकालचे बक्कल बेकार.

नंतर तिनं प्रणोतीला व्हिडिओ कॉल लावला. दोघी बोलून राहिल्या, बोलूनच राहिल्या. गेट, बोर्डिंग, व्हीलचेअर. एवढा तमाशा कशाला. तिकीट दाखवायचं, बसायचं. मी नसलो तर ही एअरपोर्टच्या दारातच बसून राहील.

रजया काढून उन्हात टाक म्हटलं. म्हणे आल्यावर पाहू. रजयांच्या कपाटाची किल्ली तिनं पर्समध्ये टाकली.

२८ सप्टेंबर
लिहायचं मन नाही. पण नेम म्हणजे नेम.

डुमन्याला, एअरपोर्टवर, वेळेच्या फार आधी पोहोचलो. हेमलताची व्हीलचेअर आली, ती राणीसारखी पुढे गेली. मी चेकिंगच्या लाइनीत. पट्टा काढला. मशीन वाजली. चिल्लर काढली. परत वाजली. पोरगा म्हणे अंकल, हाथ ऊपर. मंग पाय. मंग वळा. मागं लाइन तटली.

मी त्याला शांतपणे समजावलं. बेटा, पूरी नौकरी बम भरे हैं इन हाथों से, मेरे पास क्या निकलेगा.

जबलपुरात हे कोणालाही सांगा, म्हणतील हो का, आमचे काका पण तिथंच होते. इथं सगळ्यांनी वळून पाहिलं. मागची बाई लेकराला घेऊन चार हात सरकली. दोन जण आले, म्हणे अंकल, इधर आइए.

लहानशी खोली. नाव विचारलं. बापाचं नाव विचारलं. बम शब्द परत परत बोलायला लावला, मंग म्हणे यहाँ ये शब्द नहीं बोलते. फॅक्टरीचं कार्ड मागितलं. ते घरी. बॅग पूर्ण उपसली. हेमलतानं बाळासाठी शिवलेली दुपटी एक-एक करून पाहिली.

दाराच्या काचेतून हेमलता दिसत होती. अनाउन्समेंट झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला, म्हणजे थांब. तिला ते जा असं वाटलं असणार. गेली.

नंतर मोठा साहेब आला. चांगला माणूस. म्हणे आमचे मामा पण फॅक्टरीतच होते. चहा पाजला. तोवर विमान गेलं.

संध्याकाळी तिचा फोन. पोहोचली. म्हणे अहो, कळतच नाही हो उडल्याचं, ढग खाली होते. मी विचारलं घाबरलीस का. म्हणे नाही. बाजूच्या बाईचा पट्टा मीच लावून दिला.

आवाज कापत होता तिचा. लाइन खराब असेल.

१ ऑक्टोबर
ठेल्यावर गेलो. शेक नाही, तरी सवय आहे. यांना आधीच माहीत. धनेश म्हणे, काका, तुम्ही तर विमान जमिनीवरच उडवून राहिले होते. श्यामसुंदरजी म्हणे, ग्राउंड स्टाफ ग्राउंड पर ही शोभा देता है. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात जातो. दुसरं तिकीट. त्यात काय.

५ ऑक्टोबर
प्रणोतीला फोन केला, तिकीट पाठव. म्हणे बाबा, सध्या राहू द्या. मी म्हटलं मी तिथं लागेन ना. म्हणे आई आहे.

बरोबर आहे. दोघं जण एकदम कशाला. माझी पाळी बाळ झाल्यावर.

६ ऑक्टोबर
रेल्वेनं जायचा विचार केला. श्यामसुंदरजी म्हणे मी तिकीट काढून देतो, लोअर बर्थ. नको म्हटलं. आता विमानानंच जाईन. माणसानं एकदा ठरवलं की ठरवलं.

रोज पट्टा लावायची प्रॅक्टिस करून राहिलो. आता अडकत नाही.

१७ ऑक्टोबर
पोरगी झाली. दोघी ठीक. व्हिडिओवर दाखवली, पण फोन हलत होता, नाक तेवढं दिसलं. नाक माझ्या आईचं.

प्रणोतीला म्हटलं, जया. ती म्हणे अवंती ठेवलं, बाबा, आधीच ठरलं होतं.

अवंती चांगलं आहे. जया जुनंच वाटतं.

३० ऑक्टोबर
स्वप्निलचे आईबाबा आले आहेत तिकडे. घर लहान. हेमलता म्हणे तुम्ही इतक्यात निघू नका, झोपायची अडचण. मी म्हटलं मीही तेच सांगणार होतो.

भाजी करपली. गॅसची फ्लेम बरोबर नाही. बर्नर खोलून साफ केला. आता एका बाजूनंच पेटतो.

१२ नोव्हेंबर
थंडी पडली. आमच्या महाराजपुराकडं जरा जास्तच. चादरीवर चादर घेऊन झोपतो. कपाट खोलता येतं मला, फॅक्टरीत काय काय खोललं. पण तिच्या कपाटाला हात काहून लावायचा. येईलच ती.

विचारलं, कधी येते. म्हणे पाहू.

२४ नोव्हेंबर
श्यामसुंदरजी बंगलोरहून हैदराबादवरून आले. मधे विमान बदलायचं होतं, हातात वेळ होता, तर हेमलता स्वप्निलबरोबर एअरपोर्टवर येऊन माझ्यासाठी डबा देऊन गेली. ठेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. भाभीजी तो पहचान में नहीं आतीं. मुझे समझा रही थीं, पंखेवाले जहाज में आगे मत बैठना, आवाज़ बहुत होती है. पुढच्या महिन्यात विहीणबाईंसोबत तिरुपतीला चालली. विमानानं.

धनेश म्हणे, काका, काकू तर आपल्या मंडळात आल्या. पण त्यांच्या पहिल्या लँडिंगची जलेबी कुठं आहे. श्यामसुंदरजी म्हणे, हाँ भाई, रिवाज है.

मी म्हटलं ती आल्यावर देईल. श्यामसुंदरजी कपात पाहून राहिले.

मंग मीच उठलो. जलेबी आणली, गरम. धनेशनं पहिला तुकडा माझ्याच हातात दिला, म्हणे घ्या ना काका. खाल्ला. खोवा कमी घालतात आता.

घरी येऊन डबा खोलला. डिंकाचे लाडू. खाली कागदात गुंडाळलेली कपाटाची किल्ली.

काळजी आहे तिला माझ्या थंडीची.

दोन्ही रजया काढल्या. गच्चीवर उन्हात टाकल्या, तिची पण, वास मारू नये म्हणून. तिथंच बसलो. दुपारचं हैदराबादचं विमान वरून गेलं, पंखेवालं. आवाज एकदम साफ. माउंटिंग ढिलं नव्हतं.