चौदा फुटांचा हट्ट

ता. ३

तीर्थरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

माझं सगळं बदललं ते गेल्या मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वेळ नक्की आहे, कारण त्याच क्षणी मी घड्याळाकडे बघून स्वतःच्या वेगावर खूश होत होतो. किनाऱ्यावरच्या शेडमधली भाड्याची साडेदहा फुटी फळी घेऊन मी खाडीत उभ्यानं वल्हवत होतो. घाम, धाप, सगळं व्यवस्थित चाललं होतं. आणि मागून आवाजही न होता एक लांबच लांब फळी आली आणि मला मागे टाकून गेली. तिच्यावर एक मुलगी. माझी चार वल्ही होईतो तिचं एक. जाताना ती छान सकाळ आहे असं काहीतरी म्हणाली. मला उत्तर सुचेपर्यंत ती हाकेच्या पलीकडे गेली होती. मला उत्तर सुचलं नाही! बाबांना विचार, असं आजवर झालंय का?

ती संशोधन केंद्राकडून पाण्याचे नमुने घ्यायला आली आहे. फळीच्या नाकावर जाळीत काचेच्या बाटल्या बांधलेल्या असतात, म्हणून शेडमध्ये तिला सगळे बाटल्यावाली म्हणतात. मी म्हणत नाही. काल हिय्या करून तिच्याशी बोललो. ती रोज खाडीच्या तोंडातून बाहेर पडून पांढऱ्या खडकापर्यंत जाते, नऊ किलोमीटर, आणि परत. म्हणाली, बरोबर यायचं तर ये, पण मला थांबता येत नाही, नमुने वेळेवर घ्यावे लागतात. महिनाअखेरीला तिचं इथलं काम संपतं. म्हणजे माझ्या हातात पंचवीस दिवस आहेत आणि पायाखाली एक परात.

तेव्हा आत्या, मला लांब फळी हवी. चौदा फूट लांब, चोवीस इंच रुंद, अगदी तिच्यासारखी. तू आयुष्यभर फळ्या बनवण्याशिवाय दुसरं काही केलेलं नाहीस, म्हणून तुला लिहितोय. फोन केला असता, पण रंधा आणि पॉलिशच्या मशीननं तुझे कान खाल्लेत आणि मग आपण दोघं नुसते ओरडतो. कॉलेजबद्दल विचारू नकोस. अर्ध्यात सोडलं ते सोडलं. लोभ आहे तितका पुरे, त्यात उपदेशाची भर नको.

तुझा भाचा


ता. ६

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसायला, दुसऱ्यांदा फळीचं कुठे काही आहे का ते शोधायला. चार ओळी सापडल्या.

कॉलेजबद्दल विचारत नाही. तुझे वडील माझ्याकडे येऊन दोन तास तेच बोलून गेले, माझा कोटा संपला.

आता ऐक. लांब फळी सरळ जाते आणि पळते, हे खरं. लांबी वाढली की वल्ह्याचा जोर वाया जात नाही. पण तुझ्या बाटल्यावालीनं (मी म्हणणार) ती फळी किती वर्षांत पायाखाली बसवली, ते विचारलंस? चोवीस इंच म्हणजे टेबलाच्या कडेवर उभं राहणं. शिवाय तू लिहिलंस की खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचं. तोंडाशी वाळूचा उंचवटा असणार, म्हणजे तिथे लाटा फुटत असणार. नऊ किलोमीटर तुला फळी नेईल, पण त्या शंभर पावलांत ती तुला घेऊन काय करेल, हा खरा प्रश्न. शर्यतीच्या फळीचं नाक सुरीसारखं असतं. सपाट पाण्यात कापत जातं, लाटेच्या उतारावर खाली खुपसतं.

माझ्याकडे फळी मागणाऱ्या प्रत्येकाकडून मी तीन गोष्टी घेते, तुलाही सूट नाही. एक, ओल्या कपड्यांतलं वजन. दोन, परत किनाऱ्याला लागताना पाणी कसं असतं ते चार वाक्यांत. तीन, ओल्या पायांनी वर्तमानपत्रावर फळीवर उभा राहतोस तसा उभा राहा, गुडघे सैल, साठ आकडे मोज, ठशांभोवती पेन्सिल फिरव आणि कागद पाठव. माणूस स्वतःबद्दल काहीही सांगतो, तळपाय सांगत नाहीत.

जेवतोस ना वेळेवर? प्रेमात पडल्यावर तुझा बाप महिनाभर नुसत्या चहावर होता. माया आहेच, ती आटायची नाही.

तुझी आत्या


ता. ९

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

वजन ब्याऐंशी. किनाऱ्याला लागताना पाणी: लाटा असतात, फार नाहीत, छातीइतक्या, मला चालतील. ठसे सोबत आहेत. पाय बघ किती जवळ आहेत. चोवीस इंच मला मावून उरेल.

तिला रोज लांबून बघतो. ती खाडीच्या तोंडातून बाहेर पडते तेव्हा एक क्षण फळीचं नाक आभाळाकडे असतं आणि ती त्यावर उभी. मग लाटेआड जाते, आणि मी आकडे मोजत बसतो. आज एकोणीस आकडे होईपर्यंत दिसली नाही. तू हसशील, हस. पण लवकर कळव. प्रेम आहे, धीर नाही.

तुझा भाचा


ता. १२

चि. लबाडास,
आशीर्वाद.

ठसे बघितले. दोन्ही पायांची बोटं कागदावर रुतलेली आणि डावी टाच जवळजवळ कोरडी. पाय जुळवून उभा राहिलास आणि एका हातानं टेबल धरलंस. तीस वर्षांत लोकांनी मला वजन खोटं सांगितलं, वय खोटं सांगितलं, पण पायाचे ठसे खोटे देणारा घराण्यातला तूच पहिला. तुझ्या आजोबांनी हे बघितलं असतं तर अभिमानानं रडले असते.

चौदा फुटी देणार नाही. साडेबारा फूट, एकोणतीस इंच, नाक जरा वर उचललेलं, कडा मऊ. लांबच्या पल्ल्याला पुरते आणि लाटेत माणसाला सांभाळते. पळायला तिच्या फळीपेक्षा थोडी मागे पडेल. थोडीच. तेवढं तू हातांनी भरून काढ, नाहीतर सोड. पुन्हा ठसे पाठव, या वेळी खरे. रागावले आहे, पण तुझ्यावरच, परक्यावर नाही.

आत्या


ता. १६

तीर्थरूप आत्यास,
सा. न.

तुझं पत्र तेराला दुपारी मिळालं आणि माझं डोकं फिरलं. शेडच्या मालकाची एक जुनी शर्यतीची चौदा फुटी मागच्या भिंतीला टांगलेली होती. त्यांना विचारलं, ते म्हणाले, ने, पण तोंडाबाहेर जाऊ नकोस. चौदाला सकाळी तोंडाबाहेर गेलो.

खाडीत काय पळाली म्हणून सांगू! मी तिच्या बरोबरीनं होतो. बरोबरीनं, आत्या! ती माझ्याकडे वळून हसली. मग उंचवटा आला. पहिली लाट चढलो. दुसरीच्या माथ्यावरून खाली उतरलो आणि फळीचं नाक पाण्यात असं गेलं की जणू खाली कुणी खेचलं. मी पुढे उडालो. वर आलो तेव्हा फळी उलटी होऊन माझ्या पायाच्या दोरीनं मलाच ओढत होती. तिनं आपला नमुना सोडला, परत फिरली आणि मला तिच्या फळीच्या शेपटाला धरायला लावून आत आणलं. पोटावर पडून, गुरासारखा. त्या दिवसाची बाटली रिकामी राहिली. तिच्या चौदा महिन्यांच्या नोंदींत पहिल्यांदाच.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता आलं असतं. किनाऱ्यावर इतकंच विचारलं की तुला ही फळी कुणी निवडून दिली. मी म्हटलं, माझी मीच. ती म्हणाली, दिसलं.

मालकांच्या फळीचं नाक फुटलंय. ते मीच दुरुस्त करतोय, रोज संध्याकाळी घासकागद घेऊन. सोबत ठसे. टेबलापासून पाच हात लांब उभा होतो. जमलं तर माफ कर.

तुझा भाचा


ता. १९

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

हे ठसे माणसाचे आहेत. उजवा पाय किंचित मागे, भार टाचेवर, भित्रा नाहीस, नुसता घाईत आहेस.

नवी बनवायला वेळ नाही. पण माझ्याकडे साडेबारा फुटी एक तयार आहे. तुझ्याच वजनाच्या एका डाकवाल्यासाठी केली होती, त्याच्या बायकोनं रंग बघितला आणि आमच्या घरात ही यायची नाही म्हणाली. मोहरीचा रंग आहे, पाण्याला त्याचं काही नसतं. ट्रकनं पाठवली आहे, तेवीसपर्यंत पोचेल. तोंडाशी लाटेवरून उतरताना एक पाय अर्धं पाऊल मागे घे, नाक आपोआप वर येईल. घाबरलास की पुढे झुकशील, झुकू नकोस.

आणि त्या मुलीची माफी मागितलीस का? पत्रात दिसली नाही. मालकांची फळी घासतोस, ते चांगलं. माणसंही घासून पुसून घ्यावी लागतात. आठवण येते तुझी, पण हे कुणाला सांगू नकोस.

तुझी आत्या


ता. २८

तीर्थरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

माफी एकवीसला मागितली. रिकाम्या बाटलीबद्दल. ती म्हणाली, नोंदवहीत कारण लिहावं लागतं, म्हणून मी लिहिलं: एक मोठी वस्तू वाहत आली. मग दोघंही हसलो.

तुझी फळी तेवीसला आली. चोवीसला तिच्याबरोबर बाहेर गेलो, त्याबद्दल लिहायला चार दिवस लागले.

वारा अजिबात नव्हता. पाणी तेल ओतल्यासारखं. तोंडाशी लाट फारशी नव्हती, तू सांगितलंस तसा पाय मागे घेतला आणि बाहेर पडलो. किलोमीटरभर गेलो असू. समोर क्षितिज वाकडं दिसलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी गेलं असेल. मग कसलाही आवाज न करता अख्खा समुद्र आमच्या खालून वर आला. दोघांना उचललं, एखाद्या माडीवर नेऊन ठेवावं तसं, तिथून सगळा किनारा दिसला, आमची शेड आगपेटीएवढी, आणि पुन्हा हळूच खाली ठेवलं. मागोमाग दुसरी. तिसरी. दोहोंच्या मध्ये खाली असताना ना खडक, ना किनारा, ना ती. नुसती हिरवी भिंत, आरपार उजेड असलेली. एक पक्षी त्या भिंतीलगत माझ्या डोळ्यांच्या उंचीवर उडत गेला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

ती म्हणाली, चार दिवसांपूर्वी फार लांब कुठेतरी वादळ झालं होतं, तिनं नकाशावर पाहिलं होतं. वादळ मेलंसुद्धा. त्याच्या लाटा अजून चालतायत. तिनं सांगितलं, पुढची आली की तीन वल्ही मार आणि मग काही करू नकोस. मी तीन मारली. आत्या, फळी लाटेला लागली! मी काही करत नव्हतो, आणि जात होतो. अर्धा किलोमीटर तरी. तुझी ती मोहरीच्या रंगाची फळी गुणगुणत होती, खरंच, तळव्यांना कळत होतं. चार दिवस चालून आलेली लाट, आणि तिनं मला पाठीवर घेतलं. मला भीती वाटायला हवी होती. मला रडू येत होतं आणि मी तिच्याकडे बघायला विसरलो होतो. मी! मग आठवण झाली, वळून बघितलं, तर ती वल्हं आडवं धरून उभी, तोंड उघडं, लहान मुलीसारखी. आठ वर्षं ती वेगवेगळ्या किनाऱ्यांवर हे बघतेय.

परत येताना तोंडाशी लाट वाढली होती. मी पाय मागे घेतला आणि सरळ वाळूवर आलो. ती पडली. चौदा फुटीवरून, बाटल्यांसकट. बाटल्या फुटल्या नाहीत, मी हसलो नाही, म्हणजे जास्त हसलो नाही. तिनं वाळूवर येऊन आधी तुझी फळी उलटी केली, खालून हात फिरवला आणि विचारलं, ही कुणी बनवली. तुझा पत्ता तिनं लिहून घेतलाय.

त्यानंतर तीन दिवस रोज गेलो. मी ठरवलं होतं, एकदा तिच्या बरोबरीनं आलो की सांगून टाकायचं. रोज बरोबरीनं असतो. रोज समोर काहीतरी इतकं मोठं असतं की तोंड उघडतं, शब्द येत नाहीत. तिथे बोलणं मला जमायचं नाही, हे मला काल कळलं. तिथे कुणालाच जमत नसेल.

आज तिचं काम संपलं. साडेअकराची बस आहे. आता दहाला पंधरा कमी आहेत, ती केंद्राच्या खोलीत बाटल्या खोक्यांत भरतेय, खिडकीतून दिसतंय. आता इथे जमिनीवरच सांगून टाकतो, ती काय म्हणेल माहीत नाही. नाही म्हणाली तर मी भडकणार नाही, हे तुला लेखी देतो. हो म्हणाली तर तुला फोन लावतो, तू ओरड, मीही ओरडतो. तोवर आहे तशी माया राहू दे.

तुझा भाचा

ता. क. फळी नेत नाही. ती शेडमध्ये टांगली आहे. केंद्रापर्यंत चालतच जातो, कोरड्या पायांनी, दोन मिनिटांची वाट आहे. पाकीट वाटेत पेटीत टाकतो.  उठतो. दार लावून निघतो.