नळी निघेपर्यंत

४ फेब्रुवारी
ठरलं! पोट उघडूनच करायचं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, दुर्बिणीने करायचं तर मोठ्या शहरात जा. इथे ते यंत्र नाही. हा हात आहे, तो याच कामात मुरलाय." हात पाहिला. जाडजूड, सुताराला शोभेल असा. पटला मला. प्रोस्टेटची गाठ साधीच आहे, नुसती वाढून वाट अडवून बसलीय. पावसाळ्यापासून नळी आणि पिशवी घेऊन हिंडतोय. लघवी आपली आपल्याला झाली पाहिजे — बस्स, एवढंच मागणं.

ही म्हणते, "मी शेजारी हर्निया सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा."

७ फेब्रुवारी
रक्ताची एक पिशवी तयार ठेवावी लागते. जावयाने दिलं. म्हटलं, "दशमग्रह आता अंगातच शिरणार!" नर्सबाई हसल्या. ही नाही.

९ फेब्रुवारी
झालं! कमरेखाली बधिर, वर मी टक्क जागा. वरच्या दिव्याकडे बघता बघता चौथीचा वर्गच दिसायला लागला — खडूचा वास, खिडकीतली चिंच. तेव्हाच्या कविता एकामागून एक म्हणत सुटलो. वाटलं, मनातल्या मनात म्हणतोय. तर पडद्यापलीकडून डॉक्टर — "आजोबा, मागचं कडवं पुन्हा घ्या, छान होतं!"

गाठ दाखवली नंतर. बटाट्याएवढी. एवढीशी, आणि माझ्या नाकी नऊ आणले!

११ फेब्रुवारी
वॉर्डात सकाळी एकच विषय — कोणाच्या पिशवीचा रंग काय. माझा काल डाळिंबी, आज गुलाबी. समोरच्या खाटेवरचे ट्रकवाले म्हणतात, "मास्तर, तुमची पहाट झाली, आमचा अजून सूर्यास्तच!" मी मास्तर कधीच नव्हतो. कवितांमुळे पदवी मिळाली.

आज मात्र गोंधळ. डॉक्टर आले, पिशवी पाहिली — रिकामी! "रक्ताची गुठळी अडकली वाटतं. सिरिंज आणा, सलाईन आणा!" धावपळ. मला घाम. ही खाली मान घालून म्हणाली, "मीच ओतून आले... तुम्ही येणार, म्हणून."
"अहो आजी! तीच तर बघायला येतो आम्ही!"
पाहुणा येणार म्हणून घर आवरतात, तसं केलं हिने. सगळा वॉर्ड हसला. हिचे कान लाल.

१४ फेब्रुवारी
जखम कोरडी.

१६ फेब्रुवारी
नळी काढली. पाणी पीत बसलो. काहीच नाही! तासाभराने कळ आली, संडासात जाऊन उभा राहिलो. तरी नाही. पुन्हा नळी घालतात की काय? मग शाळेमागची भिंत आठवली. कोणाची धार उंच जाते, याची पैज लागायची — मी नेहमी दुसरा. हसू आलं, आणि त्या हसण्यातच सुटली! जळजळ झाली, पण काय धार!

दारातून ट्रकवाले ओरडले, "मास्तर, ऐकू आलं!" टाळ्या पडल्या. लघवीला टाळ्या मिळालेला मी पहिलाच असेन.

२१ फेब्रुवारी
घरी. आल्या आल्या शेजाऱ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "डॉक्टरांचा पत्ता द्या."

२ मार्च
चहा पिताना ही म्हणाली, "बायकांचंही बघतात का हो तिथे? मला खोकलं, हसलं की कपड्यातच होतं थोडं. धाकटीच्या बाळंतपणापासून."

धाकटी आता चाळिशीची आहे.