डाव्या बाजूला झुकलेला कोट

प्रिय ताई,

पत्र लिहायला बसते, बसते म्हणता म्हणता उकाडा सरून थंडी पडली. कागद आणला तर पेन सापडेना. पेन सापडलं तर शेजारच्या खोलीतल्या काकूंची मांजर खिडकीतून आली आणि नेमकी कागदावर बसली. तिचं अंग इतकं उबदार होतं की उठवावंसं वाटेना. तू म्हणशील, हिची नेहमीचीच रड. पण या वेळचा उशीर मुद्दाम केला. काम पुरतं झाल्याशिवाय तुला सांगायचं नव्हतं, कारण तू मला अडवलं असतंस. "जाऊ दे गं, आपलीच माणसं," हे तुझं वाक्य मला इथपर्यंत ऐकू येतं.

तर ऐक. पावसाळा संपल्यापासून मी तुझ्या नणंदेच्या दुकानात कामाला आहे. हो, त्याच. दचकू नकोस, हातातलं दूध सांडशील. रोपवाटिकेतली नोकरी सोडली (मालक रोपांशी गोड बोलायचा आणि माणसांवर खेकसायचा), मग फेरीबोटीवर तिकिटं फाडली, मग पाण्याचाही कंटाळा आला आणि सरळ वन्संच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांना वाटलं, भटकी पोरगी आहे, स्वस्तात राबेल. "काय गं भिंगरे, दमलीस वाटतं भिरभिरून?" म्हणाल्या आणि हातात इस्त्री दिली. मी म्हटलं, दमले हो वन्सं, फक्त ताईला कळवू नका, नोकरी सोडली म्हणून ओरडेल. त्यांनाही ते सोयीचंच होतं.

तुझा शेवाळी कोट. बाळ झाल्यावरच्या पहिल्या थंडीत बाजारातला एकही कोट तुझ्या कामाचा निघाला नव्हता. देखणा असेल त्यात बाळाला पाजता येईना, आणि पाजता येईल तो इतका गबाळा की ऑफिसात घालून जायची लाज. म्हणून बाळ दुपारचं झोपलं की तू मशीनवर बसायचीस आणि मी जमिनीवर लोळत टाचण्या वेचायची. एका हाताने लागतील अशी मोठी बटणं. चुणीखाली लपलेली पाजायची फट. धुवायला सुटं होणारं अस्तर. बाहीच्या आत विणलेली पट्टी, वारा शिरू नये म्हणून. खिसे इतके वर की वाकलीस तरी किल्ल्या पडायच्या नाहीत. कमरेत असा बेतलास की पाळणाघरातून थेट साहेबांसमोर उभी राहिलीस तरी कुणाला वाटू नये, ही बाई धड झोपलेली नाही. आणि डावी बाजू! बाळ तुझ्या डाव्या कडेवर, थोरलीचा हात उजव्या हातात. मूल कडेवर घेतलं की कोट त्या बाजूने वर चढतो, म्हणून तू डाव्या बाहीचा मुंढा खोल कापलास आणि डावीकडची कड दोन बोटं लांब ठेवलीस. बाळ कडेवर असलं की कोट ओळंब्यात, खाली ठेवलं की झुकलेला. मी म्हटलं, अगं, तिरका दिसतो. तू म्हणालीस, "खाली असतं कधी ते?"

मग वन्सं आल्या. "वहिनी, दोन दिवस घालून बघते हं." परत आला तेव्हा तू कोट उलटा केलास आणि तुझा चेहरा उतरला. आतली शिवण तुझी नव्हती. सगळा उसवून, मापं उतरवून, पुन्हा शिवलेला. मग पावसाळ्यात घरच्या ग्रुपवर जाहिरात आली: धावपळीतल्या आईसाठी येत्या थंडीत आमची खास कल्पना. भावजींनी टाळ्या टाकल्या, सासूबाईंनी हात जोडले, आणि तू? तू अंगठा दाखवलास. त्या दिवशी तू मशीनवर चादर टाकलीस, ती आजवर काढली नाहीस. कोट गेला त्याचं मला काही नाही, ताई. ती चादर माझ्या डोक्यात गेली.

आता गंमत. दुकानाच्या मागच्या खोलीत मास्तरांनी कापड पसरलं, मापं ठेवली आणि खडू कानाला लावून थांबले. "बाई, डावी बाजू खाली जातेय. चुकलंय. बरोबर करून घेऊ?" वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं, वहिनीच्या कोटाला असंच होतं?" मी इस्त्रीवरून मान न उचलता म्हटलं, असंच होतं, तिने मुद्दाम ठेवलंय. यात एक अक्षर खोटं नाही! वन्संचा मुलगा तुझ्या सासूबाईंच्या कडेवर वाढला, यांना कुठून कळणार मुद्दाम म्हणजे कशासाठी? "मग तसंच कापा मास्तर, तिरकी कड म्हणजे हल्लीची फॅशन," असं त्याच मला समजावू लागल्या. मास्तर पुटपुटले, "फॅशन कसली, एका पायाने लंगडतोय." पण कात्री चालली. सगळ्या थंडीचा माल, ताई, सगळाच्या सगळा.

मग कोट दुकानाच्या दर्शनी काचेमागे पुतळ्यांवर चढवले. पुतळ्यांना कुठलं आलंय बाळ? सगळे एका बाजूला कललेले, बोटीत उभे असल्यासारखे. बायका यायच्या, बटणांचं कौतुक करायच्या, खिसे चाचपायच्या, आरशासमोर उभ्या राहायच्या आणि उजवी कड खाली ओढून बघायच्या. एक म्हणाली, "मीच वाकडी झालेय की कोट?" तिची जाऊ म्हणाली, "तू होतीसच, आज कळलं." दोघी हसत हसत निघून गेल्या. वन्संचं हसू दातांवरच वाळलं. मी आपली कोपऱ्यात वाफ सोडत होते. खरं सांगू, इतकं छान मला फेरीबोटीच्या टपावरही वाटलं नव्हतं.

एकदाच सगळं उघडं पडता पडता वाचलं. एक आई कोट घालून बघत असताना तिचं पोर रडायला लागलं, तिने सवयीने त्याला डाव्या कडेवर उचललं आणि कोट सरळ! वन्सं मागे मास्तरांवर ओरडत होत्या. मी इस्त्री टाकून धावले, बाईला आरशापासून बाजूला घेतलं आणि कानात तुझा पत्ता सांगितला. म्हटलं, हा इथे घेऊ नका, जिने डोक्यातून काढला तिच्याकडे जा. ती तशीच गारठत गेली, तेवढं मला टोचलं. आली का गं तुझ्याकडे?

आता हे पत्र कशासाठी ते. मास्तरांनी दोन कोट उसवून कड कापून पाहिली, मुंढा ओढायला लागला, आणखीच बिघडले. बाकीचे गठ्ठ्याने पडून आहेत. वन्सं रविवारी तुझ्याकडे यायच्या बेतात आहेत. "वहिनी, तुमचा हात लागला की होईल हो," म्हणतील, डोळे पुसतील, बाळाला खेळणं आणतील. तू विरघळशील, मला माहीत आहे. विरघळू नकोस. त्या कोटात दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच, नुसतं मूल कडेवर घेऊन दाखवलं की झालं, आणि तेच तू सांगायचं नाहीस. आधी त्यांनी भावजींसमोर, सासूबाईंसमोर म्हणायचं, कोट वहिनीचा आहे. पाटीवर तुझं नाव. ग्रुपवरसुद्धा. मगच तू तोंड उघड. आणि आधी मशीनवरची चादर

थांब, दार वाजलं.

ताई, वन्सं आल्यात. तुझ्याकडे नाही, इथे, माझ्या खोलीवर, जिने चढून, धापा टाकत. खुर्ची एकच, ती त्यांना दिली. कुणाला लिहितेस विचारलं, मी सांगितलं. डावी बाजू अशी का, हेही विचारलं. मी म्हटलं, जिचा कोट आहे तिला विचारा. आता म्हणतात, "मला लिहू देशील दोन ओळी?" मी पेन देतेय. सही मात्र आधीच करून ठेवते, म्हणजे त्या जे लिहितील ते माझ्या नावावर खपणार नाही.

तुझीच,
भिंगरी

(याच्या खाली त्या.)