सदतीसचं तिकीट

अमरावती, मंगळवार

क्लासमध्ये संभाव्यतेचं प्रकरण शिकवताना पोरांना म्हणालो, तुम्ही आधी कितीदा हरलात हे लॉटरीला आठवत नसतं. ते मलाच पटलं. म्हणून बाबांचं नेहमीचं, शेवटी सदतीस असलेलं तिकीट आज घेतलंच नाही.

अर्ध्या वाटेत पुढच्या स्कूटीच्या नंबरप्लेटवर सदतीस दिसलं आणि मी माघारी फिरलो. लॉटरीवाला म्हणाला, "सर, तुमची वाट पाहून आत्ताच एकाले देल्लं."

घरी बाबांनी विचारलं, "आनलं काय रे?"

हो म्हणालो. काहून म्हणालो?

सोडत उद्या आहे. सदतीस लागणार नाही, गणित पक्कं आहे. तरी चहा बाजूला ठेवून कागदावर पुन्हा मांडून पाहिलं.

बाबांनी देवापुढे दिवा लावला. नंबर लागू दे म्हणाले, मलाही हात जोडायला लावले.

जोडले. लागू नये म्हणून.